दिगंबरमास्तर कॅमेरा निवडतात

दिगंबरमास्तरांना वांगी आणायला पाठवू नये, हे कल्याणात आमच्या आळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. हा गृहस्थ दोन हातांत दोन वांगी घेऊन भाजीवालीसमोर उभा राही. एक तुकतुकीत, पण देठ सुकलेला. दुसऱ्याचा देठ हिरवागार, पण अंगाला डाग. "उभयपक्षी विचार केला पाहिजे," असं पुटपुटत ते इतका वेळ उभे राहत की शेवटी भाजीवालीच दोन्ही वांगी त्यांच्या पिशवीत टाकी आणि म्हणे, "मास्तर, आता सरा, मला गिऱ्हाईक दिसंना." घरी पोचल्यावर त्यांना वाटे, ते तिसरं होतं तेच बरं होतं.

अशा माणसाने आयुष्यात एकच मोठी वस्तू घ्यायचं मनात आणलं, आणि ती कॅमेरा. सहा-सात वर्षं ते कॅमेरा निवडत होते. पैशाचा प्रश्न नव्हता असं नाही, पण तो प्रश्न उभा राहण्याइतकं प्रकरण कधी पुढे सरकलंच नाही. मी त्यांच्या शेजारच्या खोल्यांत राहत होतो आणि त्यांच्याच शाळेत गणित शिकवत होतो, त्यामुळे त्यांच्या गोंधळात माझा वाटा ठरलेला. रोज सकाळी शाळेच्या वाटेवर ते विचारत, "नाना, काल तुम्ही काय म्हणालात? तिपाईवालाच घ्यावा ना?" मी काल पेटीवाला म्हणालो होतो. बहुधा. मलाही नक्की आठवत नसे.

आगगाडी येऊन जुनी झाली होती आणि विजेचे दिवे अजून यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. मास्तर चित्रकला शिकवत. उंच, किडकिडीत अंग, उपरण्याच्या टोकाला कायम कोळशाचे काळे डाग. चालताना मध्येच थांबून ते आपलाच हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघत. नव्या मुलांना वाटे मास्तरांना काही लागलंय. पण खडू हातात आला की हा माणूस निराळा होई. फळ्यावर एका फटक्यात ते वर्तुळ काढत, न थांबता, न पुसता. एकदा शाळा सुटल्यावर मी खवचटपणे दोरी लावून ते वर्तुळ मोजून पाहिलं. बरोबर होतं. ज्याला वांगं निवडता येत नाही त्याला वर्तुळ कसं जमतं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

कॅमेऱ्याचं वेड लागलं ते वहिनींच्या खांद्यापायी. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. विहिरीवर पाय घसरून पडल्या तेव्हा त्यांचा उजवा खांदा निखळला, आणि एकदा निखळलेला तो खांदा पुढे दोन-तीन महिन्यांनी केव्हाही निखळू लागला. घागर उचलताना, वाळवण ओढताना, एकदा तर नुसती केसांची गाठ मारताना. पहिल्या वेळी दवाखान्यात नेलं होतं. तिथे दोघांनी धरून ओढाओढ केली. खांदा बसला, पण वहिनी बेशुद्ध पडल्या. "पुन्हा तिथे नाही," असं त्यांनी शुद्धीवर येताच सांगितलं. एरवी नवऱ्यासमोर चार शब्द न बोलणारी बाई ती.

मग कोणी कोलशेतच्या हिराआयचं नाव सुचवलं. खाडीकाठच्या मिठागरांतलं घर, सत्तरीच्या घरातली आगरी बाई, हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. आगगाडीने ठाण्यापर्यंत जाऊन पुढे बैलगाडी करायची म्हणजे निखळलेल्या खांद्याला वाटभर हिसके. म्हणून कल्याणच्या बंदरावर ओहोटी लागायची वाट पाहायची आणि पाण्याबरोबर होडीने कोलशेतला उतरायचं. परत यायचं ते भरतीबरोबर. मदतीला मी बऱ्याचदा जात असे.

हिराआयचं काम बघण्यासारखं होतं, पण बघायला सापडत नसे. ती वहिनींना अंगणातल्या बाजेवर बसवी. मागे उभी राही, एक हात कोपराखाली घेई, दुसऱ्या हाताचा अंगठा बगलेशी ठेवी. मग म्हणे, "आज काय शिजवलंस ग पोरी?" वहिनी डोळे मिटून सांगू लागत, "वरण, भात, आणि—" तेवढ्यात आतून टक् असा आवाज होई आणि वहिनी डोळे उघडत. झालं. मी दर वेळी टक लावून बघे आणि दर वेळी मला फक्त आधीचं आणि नंतरचं दिसे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मास्तरांनी हात जोडून विचारलं, "आय, हे मला शिकवाल का? आम्ही लांब राहतो. तुमचंही आता वय झालं."

"सांगाचं नाय र मास्तर, बघाचं," हिराआय म्हणाली. "मना माज्या सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. तोंडानं कोनी नाय सांगितलं. सांगितलं का हातातून जातं."

"पण बघायला दिसत नाही."

"मंग डोले मोटे कर," असं म्हणून ती हसली. तिच्या दोन सुना होत्या. त्या मिठागरात जन्म काढत होत्या, आणि त्यांनीही वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्यांनाही दिसलं नव्हतं.

परत येताना होडीत मास्तर आपलाच हात उलटसुलट बघत होते. कल्याणचा किल्ला दिसू लागल्यावर म्हणाले, "नाना, आय गेली की हिच्या खांद्याचं काय करायचं?" वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग मास्तर म्हणाले, "डोळे मोठे करायचं यंत्र असतं. कॅमेरा." तिथून ग्रहदशा सुरू झाली.

आम्ही मुंबईला कोट भागातल्या एका दुकानात गेलो. तिथे मास्तरांनी जे प्रश्न विचारले ते त्या बिचाऱ्या पारशी मालकाला जन्मात कोणी विचारले नसतील. लोक येत आणि तसबीर किती मोठी निघते ते विचारत. मास्तरांनी विचारलं, "टक् अशा आवाजाच्या आत किती तसबिरी निघतील?" मालक माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघितलं. त्याने एक तिपाईवाला कॅमेरा दाखवला, त्याची काच मोठी, चित्र रेखीव, पण माणसाने दगडासारखं बसलं पाहिजे. एक हातात मावणारी पेटी दाखवली, ती झटपट, पण एका वेळी चित्र एकच. मग परदेशातल्या एका छापील यादीतलं चित्र दाखवलं, त्यात एकाच पेटीला बारा डोळे होते आणि ते एकामागून एक उघडत. "एने सारू तो विलायत लखवुं पडे," तो म्हणाला, म्हणजे त्यासाठी विलायतेला लिहावं लागेल. मास्तर दोन तास तिथे उभे होते. निघताना तिन्हींच्या याद्या मागून घेतल्या. भाजीवालीने निदान वांगी तरी पिशवीत टाकली असती.

पुढच्या वेळी मात्र त्यांच्या हातून एक गोष्ट घडली ती मला अजून बोचते, आणि त्यांना तर जन्मभर बोचली. ठाण्यात एक फोटोवाला होता, तिपाईवाला. मास्तरांनी त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. वहिनींचा खांदा निखळला, आम्ही कोलशेतला उतरलो आणि मास्तरांनी एका माणसाला ठाण्याला पिटाळलं. हिराआय पुढे आली, तर हे म्हणाले, "आय, जरा थांबा. पेटी येतेय." अर्धा तास झाला, तास झाला. ऊन चढलं. वहिनी बाजेवर ओठ आवळून बसल्या होत्या, कपाळावरून घाम ओघळत होता. मी म्हणालो, "मास्तर, पुरे आता." ते म्हणाले, "उभयपक्षी—" आणि ठाण्याच्या वाटेकडे बघू लागले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता, पण थांबवायचंही सुचत नव्हतं. दीड तासाने फोटोवाला बैलगाडीतून उतरला.

"बाई कलवलतेय न तू पेटीची वाट बगतंस?" हिराआय एवढंच म्हणाली. मग तिने खांदा बसवला.

आठ दिवसांनी तसबीर आली. वहिनींचं लुगडं स्वच्छ, हिराआयची बाज स्वच्छ, मागची झावळ्यांच्या कुडाची भिंत स्वच्छ. आणि जिथे हात असायला हवे होते तिथे पांढरा धूर. मास्तरांनी ती तसबीर उशाशी ठेवली नाही, फाडलीही नाही. ट्रंकेत तळाशी घातली. "मी तिच्या दुखण्याची वाट बघितली, नाना," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी वहिनींना एक क्षणही थांबवलं नाही. पण कॅमेऱ्याचं वेड कमी झालं म्हणाल तर उलट वाढलं. आता बरोबर निवडलेलाच कॅमेरा न्यायचा, चूक परवडणार नव्हती. आणि ज्याला चूक परवडत नाही त्याची निवड कशी व्हायची?

याच सुमारास मुंबईत हलत्या चित्रांचे खेळ सुरू झाले. मास्तर मला ओढून घेऊन गेले. पडद्यावर घोडा धावत होता, लोक खुर्च्यांवरून उठून बघत होते. मध्येच यंत्र फिरवणाऱ्याचा हात दुखला असेल किंवा त्याला खोकला आला असेल, मूठ हळू फिरू लागली आणि घोडा संथ झाला. पाय एकेक करून उचलला जाऊ लागला. लोक ओरडू लागले, हसू लागले. मास्तरांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. "दिसलं!" ते म्हणाले. "नाना, घोड्याचा खूर जमिनीवरून कसा सुटतो ते दिसलं. पटपट चित्रं घ्यायची आणि हळू दाखवायची. वेळ ताणता येतो."

मला वाटलं, चला, सुटलो, आता हे मूठ फिरवून हलती चित्रं घेणारा कॅमेरा घेतील. कसचं काय. मूठ किती वेगाने फिरवायची? हिराआयचा हात किती क्षण हलतो? त्यात किती चित्रं बसवायची? याचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मी विचारलं, हात किती वेळ हलतो? ते म्हणाले, तेच तर मोजायला कॅमेरा हवा. मी म्हणालो, मग कॅमेरा घ्या. ते म्हणाले, पण कोणता? असं आम्ही महिनोन्महिने घाण्याला जुंपल्यासारखे फिरत राहिलो. संध्याकाळी ते ओसरीवर बसून पतंगाच्या मांज्याची रिकामी असारी फिरवत, मुठीचा सराव म्हणून. असारीची करकर आणि तोंडाने आकडे. आळीतले लोक मला बाजूला घेऊन विचारत, "मास्तरांचं बरं आहे ना?" मी म्हणे, आहे. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच खात्री नव्हती.

किती चित्रं लागतील याचा अंदाज यावा म्हणून त्यांनी आणखी एक उद्योग आरंभला. कोलशेतच्या दर खेपेला पूर्ण हात बघायचा नाही, एकच गोष्ट बघायची. आज फक्त अंगठा. पुढल्या खेपेला फक्त कोपर कोणत्या बाजूला वळतं ते. त्याच्या पुढल्या खेपेला हिराआयच्या डाव्या पायाची टाच. घरी आले की कोळशाने तेवढंच चित्र काढायचं. चार-पाच वर्षांत अशी वीस-बावीस चित्रं जमली. त्यांना क्रम लावून त्यांनी सुईदोऱ्याने शिवलं. पानं बोटाने सोडली की हिराआयचा हात हळू, थांबत थांबत वर येई. पण नेमक्या टक्-च्या जागी दोन पानं कोरी होती. "इथे काहीतरी आहे," ते कोऱ्या पानांवर बोट ठेवून म्हणत. "इथे काय होतं ते कळत नाही. इथे यंत्रच हवं."

शेवटी निर्णय झाला. म्हणजे जवळजवळ. दुकानाला लिहायच्या पत्राचा मसुदा त्यांनी मला दाखवला. त्यात बारा डोळ्यांचा आणि मुठीचा, अशी दोन्ही नावं होती. "यातलं एक खोडायचं," ते म्हणाले, "आणि पत्र टाकायचं. उद्या नक्की." तो मसुदा त्यांच्या कोटाच्या खिशात असतानाच वहिनींचा खांदा निखळला.

आम्ही ओहोटीबरोबर कोलशेतला उतरलो. धक्क्यावर कोणी नेहमीसारखी हाक मारली नाही. अंगणात हिराआयची धाकटी सून भात वाळत घालत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. "आय गेली," ती म्हणाली. "धा दिस झालं."

बाज तिथेच होती. वहिनी नेहमीच्या सवयीने जाऊन तिच्यावर बसल्या, कारण उभं राहवत नव्हतं. खाडीचं पाणी उतरलेलं. भरती लागेपर्यंत परत फिरायची सोय नाही, आणि परत फिरून जायचं तरी कुठे? मास्तर अंगणाच्या मधोमध उभे होते. त्यांनी खिशातून शिवलेली चित्रं काढली, पत्राचा मसुदा खाली पडला. पानं उलटली, कोऱ्या पानांशी थांबले, पुन्हा पहिल्यापासून उलटली. इतकी वर्षं मी या माणसाच्या गोंधळाला हसलो, त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला त्यांची दया आली, आणि भीती वाटली.

"अहो," वहिनी म्हणाल्या. माझ्यासमोर त्यांनी मास्तरांना हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "माझ्या मागे येऊन उभं राहावं."

मास्तर गेले.

"कोपराखाली हात. नाही, अजून पुढे. अंगठा ठेवावा. इतका वर नाही, आय खाली ठेवायची." मास्तरांनी अंगठा सरकवला. ते पान त्यांच्याकडे होतं, त्यांना जागा लगेच सापडली. "आता डावी टाच उचलावी. आता माझा हात आपल्याकडे घ्यावा, ओढू नये, नुसता घ्यावा." त्या डोळे मिटून सांगत होत्या आणि मास्तर एकेक पान हाताने उलटावं तसे करत होते. मग ते थांबले. कोरी पानं आली होती.

"पुढे?" ते म्हणाले.

"पुढे मला विचारावं, काय शिजवलंस."

मास्तर माझ्याकडे बघू लागले. मलाही काही कळेना.

"आय ते विचारायची," वहिनी म्हणाल्या. "मी सांगायला लागले की खांद्यावरचं माझं लक्ष उडायचं. तेव्हा तो ढिला सुटायचा. तेव्हाच ती फिरवायची. तेच तर सगळं होतं."

पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात मास्तरांनी हा प्रश्न कधी विचारला असेल असं मला वाटत नाही. ताटात येई ते जेवत. "आज," ते म्हणाले, "आज काय शिजवलंस?"

"मुगाची खिचडी," वहिनी म्हणाल्या, "आणि आपल्याला आवडतात म्हणून—"

टक्.

मास्तर तिथेच, बाजेच्या मागे, जमिनीवर बसले आणि उपरणं तोंडाशी धरून रडले. हिराआयची सून पाणी घेऊन आली. वहिनी खांदा चाचपत होत्या. जरा वेळाने मी त्यांना विचारल्यावाचून राहिलो नाही. "वहिनी, हे तुम्हाला इतकी वर्षं ठाऊक होतं?"

"माझाच खांदा तो, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "इकडून कॅमेरा घ्यायचं चाललं होतं ना. माझ्यासाठी चाललं होतं. मुंबईला जाणं काय, चित्रं काढणं काय. मला वाटलं, चालू दे." आणि मग, अगदी हळू, "आणि मला कुणी विचारलं नाही." मी गणिताचा मास्तर. किती क्षण, किती चित्रं, याचे हिशेब मी तास न् तास मांडले होते, आणि शेजारी बसलेल्या बाईला एकदा विचारावं हे मलाही सुचलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

अंगणातून वाऱ्याने उडालेला पत्राचा मसुदा भरतीच्या पाण्याने ओला झालेला मी धक्क्याजवळ उचलला. त्यातलं एकही नाव खोडलेलं नव्हतं.

पुढे माझी ठाण्याच्या शाळेत बदली झाली. कानावर येई की कल्याणात आता हाडं बसवायला लोक मास्तरांच्या ओसरीवर जातात. एका सुट्टीत मीही गेलो. कोनाड्यात कॅमेऱ्यांच्या याद्या तशाच होत्या, उलट दोन-चार नव्या आलेल्या. "आता एक फारच सोयीचा निघालाय, नाना," मास्तर मला बघताच म्हणाले. "पण जुन्यातही काही गुण आहेत. तुमचं काय मत?"

माझं मत द्यायला उसंत मिळाली नाही. एक गाडीवान दंड धरून ओसरीवर चढला. वहिनींनी त्याला पाटावर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. मास्तर मागे उभे राहिले, कोपराखाली हात, बगलेशी अंगठा. मी पुढे सरकलो, डोळे ताणले. या वेळी चुकवायचं नाही असं मनाशी ठरवलं.

"आज घरी काय शिजवलंय?" वहिनींनी विचारलं.

"भाकर," गाडीवान म्हणाला, "अन सुक्या बोंबलाचं—"

टक्. गाडीवान हात हलवून बघू लागला. मला पुन्हा आधीचं आणि नंतरचं तेवढंच दिसलं होतं.

"मास्तर, मला काही दिसलंच नाही," मी म्हणालो. "काय केलंत ते सांगा तरी."

मास्तर अजून मागेच उभे होते. डोळे मिटलेले. रिकामा हात हवेत संथपणे वळत होता, पडद्यावरच्या त्या घोड्याच्या पायासारखा. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपर. समोर बसलेल्या वहिनी तो हात बघत होत्या.

"थांबा, नाना," ते म्हणाले. "अजून चाललंय."